पोरासोबत कोणी राहायचे?

आमच्या झाडीपट्टीत पोर ऐकेनासे झाले की मोठी माणसे दम देत, "नागपूरच्या पागलखान्यात टाकीन!" मुलांच्या मनाच्या आजाराकडे आपण कसे पाहत आलो, ते ह्या एका वाक्यात दिसते.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याआधी १८५८ मध्ये इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला होता. त्याचा सारा भर बंदोबस्तावर. १९१२ चा कायदाही त्याच वळणाचा. मुलांचा वेगळा विचार झाला तो मुंबईत. १९३७ साली टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. पुढे १९८७ च्या कायद्यात आले की सोळा वर्षांखालील मुलांसाठी वेगळी रुग्णालये 'काढता येतील'. 'काढावीत' असे नव्हे. व्याकरण शिकवलेल्या माणसाला हा फरक टोचतो.

दरम्यान अमृतसरला एक साधी पण मोठी गोष्ट घडली होती. १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना सोबत ठेवून घेतले. रुग्णाला धीर आला आणि घरच्यांना आजार समजला.

हाच विचार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मुलांसाठी आला. गावात, घरी राहून होणारे उपचार पुरे पडत नसतील तरच मुलाला भरती करायचे. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवायचे आणि घरचे माणूस पूर्ण वेळ सोबत हवे. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर मंडळाला कळवायचे.

कायदा चांगलाच आहे. पण भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरच्या वर. स्वतःला इजा करणारे, रात्ररात्र न झोपणारे पोर घेऊन तिथे महिनाभर राहायचे कोणी? आई रोवणीला जाते, तेंदूच्या हंगामावर वर्षाचे मीठमिरची. ती सोबत थांबली तर घरची चूल थांबते. मग पोर पुजाऱ्याकडे जाते, नाहीतर खुंट्याला बांधले जाते.

ह्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून तान्ह्या बाळांचे उपचार घरी नेले. बालमृत्यू घटले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते जगापुढे मांडले. दवाखाना गावाकडे येऊ शकतो, हे इथेच सिद्ध झाले आहे.

तरी काही मुलांना भरती करावेच लागेल. त्यांच्यासाठी खाट जिल्ह्यात हवी, शेजारी आईला झोपायला जागा हवी आणि तिची बुडालेली मजुरीही मिळायला हवी. नाहीतर 'सोबत राहावे' हा शब्द कागदावरच राहील.

असो. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे, जरूर लिहा.