ऋत्विक घटक : उत्तरपर्वाचा प्रश्न

१

ऋत्विक घटक (१९२५–१९७६) यांच्या चित्रपटांविषयीच्या लेखनात एक विभागणी बहुधा गृहीत धरलेली आढळते. 'अजांत्रिक'पासून (१९५८) 'सुवर्णरेखा'पर्यंतचा (१९६२) काळ निर्मितीचा आणि त्यानंतरचा काळ ऱ्हासाचा, अशी ही विभागणी आहे. पहिल्या काळाची चर्चा चित्रपटांच्या आधारे होते. दुसऱ्या काळाची चर्चा मात्र मद्यपान, मनोरुग्णालय, क्षयरोग, अर्धवट राहिलेली कामे आणि जुन्या सहकाऱ्यांशी आलेला दुरावा यांच्या आधारे होते. चित्रपटकाराचे वय वाढत जाते तसतशी समीक्षा कृतीकडून चरित्राकडे सरकत जाते. 'विक्षिप्त प्रतिभावंत' ही उपाधी या सरकण्याच्या कामी येते. वरवर ती गौरवाची असली, तरी ज्याला विक्षिप्त ठरवले त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे बंधन तिच्यामुळे उरत नाही.

ही विभागणी काळक्रमावर उभी आहे असे वाटते. पण तोच काळक्रम तपासू लागले की तिचा आधार डळमळतो. घटकांचा पहिला पूर्ण चित्रपट 'नागरिक' १९५२ मध्ये तयार झाला आणि प्रेक्षकांसमोर आला तो १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शेवटचा चित्रपट 'जुक्ति तक्को आर गप्पो' १९७४ मध्ये पूर्ण झाला आणि प्रदर्शित झाला तोही १९७७ मध्येच. एका चित्रपटकाराचा आरंभ आणि अंत एकाच वर्षी लोकांपुढे यावा, ही घटना चित्रपटांच्या इतिहासात विरळा आहे. मधल्या 'सुवर्णरेखा'लाही प्रदर्शनासाठी १९६५ पर्यंत थांबावे लागले. निर्मितीचा क्रम आणि ग्रहणाचा क्रम यांच्यात एवढे अंतर असताना 'पूर्वकाळ' आणि 'उत्तरकाळ' या संज्ञा वस्तुस्थितीच्या निदर्शक राहत नाहीत. त्या समीक्षेने घडवलेल्या संकल्पना ठरतात आणि म्हणून त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

२

१९६२ ते १९७२ या दहा वर्षांत घटकांचा एकही कथापट पूर्ण झाला नाही. 'रिकामे दशक' म्हणून ज्याचा उल्लेख होऊ शकेल असा हा काळ. त्याची कारणे केवळ व्यक्तिगत नव्हती. 'कोमल गांधार' (१९६१) आणि 'सुवर्णरेखा' या दोन्ही चित्रपटांना व्यावसायिक अपयश आले. त्यांपैकी 'कोमल गांधार'मध्ये डाव्या नाट्यचळवळीतील फूट आणि बंगालची फाळणी ही दोन सूत्रे एकमेकांत गुंफलेली होती. इप्टामधील सांस्कृतिक कार्याविषयी घटकांनी १९५४ मध्ये कम्युनिस्ट पक्षापुढे एक प्रबंध ठेवला होता आणि १९५५ मध्ये त्यांना पक्षाबाहेर काढण्यात आले होते. चळवळीच्या आतून आलेली ही टीका चळवळीला रुचली नाही, आणि फाळणीची जखम पुन्हा पुन्हा उघडी करणारा चित्रपट बाजारालाही नको होता. दोन्हीकडून दारे बंद होण्याच्या या प्रक्रियेला 'विक्षिप्तपणाचा परिणाम' म्हणणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय.

याच दशकाच्या मध्यास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक आणि काही काळ उपप्राचार्य होते. 'प्रभात'च्या आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कुमार शहानी, मणी कौल, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. पुण्यातील त्यांच्या वास्तव्याभोवतीही पुढे आख्यायिकांचे जाळे विणले गेले. झाडाखालचा गुरू, रात्रीच्या गप्पा, शिस्तीशी वाकडे, अशा या आख्यायिका आहेत. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्यांच्या गर्दीत एक साधी गोष्ट दिसेनाशी होते: या काळात घटक आपल्या चित्रपटविषयक धारणांची मांडणी तरुणांसमोर करीत होते. स्वतःच्या रीतीला सिद्धान्ताचे रूप देण्याची निकड त्यांना तेथे भासली.

पुण्यानंतरच्या वर्षांत त्यांनी केलेल्या अनुबोधपटांचा उल्लेख 'पोटापाण्याची कामे' एवढ्यावरच आटोपला जातो. परंतु 'पुरुलियार छौ' (१९७०) आणि 'दुर्बार गति पद्मा' (१९७१) यांकडे पुढच्या दोन कथापटांच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. छौ नृत्याचा मुखवटा 'जुक्ति'मध्ये पंचानन उस्तादाच्या रूपाने परततो. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाशी 'दुर्बार गति पद्मा'मध्ये जुळलेला धागा 'तितास'च्या भूमीपर्यंत पोहोचतो. १९६९ मध्ये मनोरुग्णालयात असताना त्यांनी 'सेइ मेये' हे नाटक लिहिले आणि तेथील रुग्णांना घेऊन ते सादर केले. या घटनेकडे करुण किस्सा म्हणून पाहिले जाते. पण इप्टाच्या शाळेत तयार झालेल्या नाटककाराने हाती असलेल्या माणसांचा समूह नट म्हणून उभा करावा, यात त्याच्या कलादृष्टीचे सातत्यच प्रकट होते. दशक रिकामे नव्हते. त्यातील कृतींना समीक्षेच्या वहीत नोंद मिळाली नाही, एवढेच.

३

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि त्यानंतर हबीबुर रहमान खान यांच्या निर्मितीत घटकांनी 'तितास एकटी नदीर नाम' (१९७३) हा चित्रपट तेथे केला. ढाक्यात जन्मलेला आणि फाळणीने पद्मेच्या अलीकडे राहिलेला माणूस पाव शतकानंतर पलीकडे जाऊन चित्रपट करतो, तेव्हा त्याने फाळणीवर चित्रपट करावा अशी अपेक्षा स्वाभाविक होती. घटकांनी निवड केली ती अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीची. मल्लबर्मन स्वतः मालो या मच्छीमार समाजातले. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५६ मध्ये कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यात सीमारेषा नाही, निर्वासितांचे तांडे नाहीत. तितास नदीच्या काठचा एक समाज आहे, आणि नदी आटत जाते तसा तो समाज विखुरतो.

या चित्रपटाविषयीचा नेहमीचा आक्षेप असा की, त्याचे कथानक विस्कळीत आहे. आजारी दिग्दर्शकाला ते सांधता आले नाही. चित्रीकरणाच्या काळात घटकांना क्षयाने गाठले होते हे खरे. परंतु आजाराचा दाखला देऊन रचनेचे स्पष्टीकरण करण्यापूर्वी एक कसोटी लावून पाहणे योग्य ठरेल. चित्रपटकाराच्या हाती सर्व सूत्रे असताना त्याने जी क्लृप्ती जाणीवपूर्वक वापरली, तीच उत्तरकाळात पुन्हा आढळत असेल, तर तिला शैलीचा भाग मानावे. पूर्वी न आढळणारी ओबडधोबडता मात्र दोष मानण्यास हरकत नाही.

या कसोटीवर 'तितास'मधील योगायोग पाहावा. किशोरची नववधू नदीवर रात्री दरोडेखोरांकडून पळवली जाते आणि किशोरला वेड लागते. वधूला नवऱ्याचे नावही ठाऊक नसते; ठाऊक असते ते फक्त गावाचे नाव. वर्षांनंतर ती मुलाला घेऊन त्याच गावात येते, वेड्या किशोरच्या जवळपास राहते आणि ओळख पटते ती दोघांच्या मृत्यूच्या क्षणी. वास्तववादी निकषावर हा योगायोग अविश्वसनीय आहे. पण 'सुवर्णरेखा'त ईश्वर नशेत ज्या स्त्रीच्या दारी पोहोचतो ती त्याची बहीण सीता निघते, तेथेही तोच योगायोग, त्याच तीव्रतेने, चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. त्या वेळी घटक आजारी नव्हते. फाळणीने ज्या समाजात नात्यांची नावेच पुसून टाकली, तेथे माणसे एकमेकांना भेटतात ती ओळख हरवल्यानंतरच, हे विधान मांडण्यासाठी घटकांनी योगायोगाला रचनातत्त्वाचे स्थान दिले. फाळणी 'तितास'च्या विषयात नाही. ती त्याच्या घाटात आहे.

कथेचा नायकही या चित्रपटात स्थिर राहत नाही. किशोरकडून त्याच्या वधूकडे, तिच्याकडून बासंतीकडे आणि अनंत या मुलाकडे केंद्र सरकत राहते. व्यक्तीऐवजी समूहाचे आख्यान करावयाचे तर हे अपरिहार्य होते. अखेरच्या दृश्यात आटलेल्या पात्रात पाण्यासाठी वाळू उकरणाऱ्या बासंतीला हिरव्या भातशेतातून पिपाणी वाजवीत धावणारा मुलगा दिसतो. मच्छीमारांची संस्कृती संपली, त्याच जागी शेती उभी राहिली. या दृश्यात सांत्वन आहे आणि ज्यांना ते मिळणार नाही त्यांचा मृत्यूही आहे. दोन्ही एका चौकटीत ठेवण्याची ही रीत 'मेघे ढाका तारा'तील (१९६०) नीताच्या जगण्याच्या आकांताशी नाते सांगणारी आहे.

कसोटीची दुसरी बाजूही मान्य करावी लागेल. 'तितास'मधील सारेच सांधे रचनेच्या हिशेबात बसवता येत नाहीत. काही प्रसंग घाईने उरकलेले वाटतात, काही पात्रे प्रवेशताच विरून जातात. घटकांचा पक्ष घ्यावयाचा म्हणून प्रत्येक त्रुटीला प्रयोग ठरवणे ही त्याच आख्यायिकेची उलटी बाजू होईल.

४

'जुक्ति तक्को आर गप्पो' या चित्रपटाने चरित्राचा प्रश्न समीक्षेच्या हातून काढून घेतला. नीलकंठ बागची या मद्यपी बुद्धिजीवीची भूमिका घटकांनी स्वतः केली. नीलकंठाच्या मुलाची भूमिका त्यांच्याच मुलाने केली. पत्नी दुर्गा घर सोडून जाते, तेव्हा मागे उरलेला पंखाही नीलकंठ दारूसाठी विकायला लावतो. मग नचिकेता हा बेकार तरुण, बंगबाला ही निर्वासित मुलगी आणि जगन्नाथ हे संस्कृतचे पंडित यांच्यासह १९७१ च्या बंगालमधून त्याची भटकंती सुरू होते.

येथे दोन प्रस्थापित समीक्षापद्धती एकदमच अपुऱ्या पडतात. चरित्रात्मक समीक्षा हा चित्रपट कबुलीजबाब म्हणून वाचते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या मर्ढेकरांच्या ग्रंथाने मराठीत ज्या स्वायत्ततावादी भूमिकेला बळ दिले, ती कलावंताच्या आयुष्याला कलाकृतीबाहेर ठेवू पाहते. पण ज्या कलाकृतीत कलावंताचे आयुष्य हीच सामग्री आहे, तेथे ते बाहेर ठेवणार कसे? आणि ती सामग्री उघडच रचलेली असताना तिला कबुली तरी कसे म्हणणार? पात्रांची नावे रूपकात्मक आहेत: विष पचवणारा नीलकंठ, मृत्यूला प्रश्न विचारणारा नचिकेता, बंगालची लेक बंगबाला. काळ्या वेषातील आकृतींचे नृत्य कथेच्या वास्तवात विक्षेप आणते. मद्य थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर सांडते आणि प्रेक्षकाची दृष्टीच क्षणभर धूसर होते.

घटकांनी ब्रेख्त यांचे गॅलिलिओवरील नाटक बंगालीत आणले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. त्या नाटकाच्या अखेरीस गॅलिलिओ स्वतःच्या माघारीचा निवाडा स्वतःच करतो. प्रेक्षकाने त्याची कीव करावी अशी सोय नाटककार ठेवत नाही. नीलकंठही स्वतःला भग्न म्हणवतो आणि शालवनातील रात्री नक्षलवादी तरुणांशी वाद घालतो. त्यांच्या निष्ठेला तो दाद देतो, पण त्यांच्या मार्गाला संमती देत नाही; आणि स्वतःच्या पिढीलाही निर्दोष सोडत नाही. सकाळी पोलिसांच्या गोळीबारात तो मरतो. मरताना त्याला माणिक बंद्योपाध्याय यांच्या कथेतला मदन हा विणकर आठवतो. सावकाराचे सूत न घेता, हातपाय आखडू नयेत म्हणून रिकामा माग चालवणारा हा विणकर. 'रिकाम्या दशका'चे इतके नेमके प्रतिरूप दुसरे नाही. काम नसतानाही हात चालू ठेवणे हे नीलकंठाचे समर्थन आहे आणि त्या मागातून कापड निघाले नाही ही त्याच्यावरील टीकाही आहे. समीक्षेने घटकांविषयी जे म्हणावयाचे होते ते घटकांनी आधीच, अधिक कठोरपणे, म्हणून ठेवले होते.

या चित्रपटाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. युंग यांच्या विचारातून घटकांनी घेतलेला महामातेचा आदिबंध 'मेघे ढाका तारा'त नीतेच्या व्यक्तित्वात मुरलेला आहे. बंगबालेच्या वाट्याला मात्र व्यक्तित्वच आलेले नाही. ती देशाचे नाव धारण करून वावरते. पुरुष बुद्धिजीवीच्या आत्मपरीक्षणाला स्त्रीने प्रतीक होऊन सोबत करावी, या व्यवस्थेवर नीलकंठाची तर्कबुद्धी बोट ठेवत नाही.

५

६ फेब्रुवारी १९७६ रोजी घटकांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. तोवर मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९७०) आणि कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' (१९७२) येऊन गेले होते. म्हणजे 'तितास' आणि 'जुक्ति' हे शिष्यांच्या पूर्वीचे नव्हेत. ते शिष्यांचे समकालीन चित्रपट आहेत. शिष्यांनी गुरूचा अतिनाट्याचा मार्ग घेतला नाही. कौल यांचा संयत, जवळजवळ गोठलेला अवकाश घटकांच्या ओसंडणाऱ्या चौकटीपासून दूर आहे. जॉन अब्राहम यांच्या 'अम्मा अरियन'मध्ये (१९८६) मात्र मातेचे सूत्र आणि तरुण क्रांतिकारकाचा मृत्यू पुन्हा एकत्र येतात. वारसा शैलीचा नव्हता. प्रचलित वास्तववाद आपल्या समाजाचे वास्तव सांगण्यास पुरेसा आहे काय, या प्रश्नाचा तो होता. आणि प्रत्येकाने त्याचे वेगळे उत्तर दिले.

मराठीतही मद्य, दारिद्र्य किंवा वेड यांच्या कथा जोडून काही लेखक-कलावंत 'शापित' म्हणून जपले गेले आणि त्यांचे लेखन त्या जपणुकीत अवाचित राहिले. घटकांच्या उत्तरपर्वाचा अभ्यास या सवयीच्या परीक्षणाला उपयोगी पडावा. कलावंताच्या विनाशाची कथा सांगताना त्या विनाशात समाजाचा, संस्थांचा आणि समीक्षेचा वाटा किती, हा हिशेब मांडणे इतिहासकाराला टाळता येत नाही. घटकांनी 'जुक्ति'मध्ये आपल्या वाट्याचा हिशेब स्वतःच्या चेहऱ्यासह मांडला. उरलेल्या रकाने भरण्याचे काम अद्याप बाकी आहे.