समर्थांची लिहिण्याची बैठक

श्रोतेहो, दप्तर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे पोराच्या पाठीवरची पिशवी येते. पण हा शब्द मुळात हिशेबाच्या वह्यांचा, कारभाराच्या कागदांचा. हे दप्तर पूर्वी बहुतेक वेळा घरातच असायचे. सन 2020 च्या साथीत शाळा-कचेऱ्या बंद पडल्या आणि गुरुजींनी पडवीत बसून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा सगळे म्हणाले, काय नवल! परंतु घरी बसून कागदाचे काम करणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. ते काम नेटके कसे करावे, याचा धडाही आपल्याच मुलखात सापडतो.

महाडजवळची शिवथरची घळ आपण पाहिली असेल. पावसाळ्यात शेजारचा धबधबा असा कोसळतो की बोललेले ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही जागा 1930 साली शोधून काढली. आता विचार करा, डोंगराच्या पोटात, भिंतीला ओल, हवेत तुषार. अशा जागी कागद सांभाळायचा म्हणजे काय कसरत!

दासबोधाचे दशक 20 आणि समास 200. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. मोक्षाची वाट दाखवणारा हा ग्रंथ तेथे चक्क टाक, शाई आणि कागद यांविषयी बोलतो. समर्थ सांगतात ते थोडक्यात असे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पानावर आधी रेघा आखाव्यात, म्हणजे ओळीला ओळ लागत नाही. सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. चौफेर समास सोडावा, कारण कागदाची कड झडली तरी अक्षर झडता कामा नये. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही! कशी संसारी माणसाची नजर आहे पाहा.

पुढे सामानाची यादी येते. घट्ट कागद आणून खळ लावावी. सुऱ्या, कातऱ्या, घोटायची साधने जवळ असावीत. देशोदेशीचे बरू, शाई आणि हिंगूळ संग्रही ठेवावेत. शेवटी बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपे. म्हणजे लिहून झाले की काम संपले नाही. बांधून, झाकून, कुलपात ठेवले म्हणजे संपले. ज्याने कोकणचा पाऊस पाहिला आहे, त्याला मेणकापडाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

लिहिणाऱ्यांचा हा मुलूखच आहे. शिवभारत हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. रायगडावर महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मोडीत पत्रे लिहीत. पण गावाचा कारभार चाले तो घराघरांतून. घाटावर कुळकर्ण्याच्या माजघरात रुमालात बांधलेले दप्तर असे. आपल्या कोकणात बहुतेक गावी हिशेबाची वही खोताच्या घरी.

आणि येथेच खरी मेख होती. वही खोताकडे, कुळाच्या घरी मात्र बहुधा कागदाचा कपटाही नसे. तंटा लागला की वही बोलायची आणि कसणारा गप्प राहायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला 1949 साली. जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हायची, तर त्याचे नाव आधी कागदावर यावे लागते. ज्याचा कागद नीट, त्याचा हक्क नीट, हे आपल्या बापजाद्यांनी सोसून शिकले आहे.

म्हणून सांगतो, 22 जुलै 2021 चा दिवस विसरू नका. सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. माणसे माळ्यावर चढली. खालच्या कपाटातली खरेदीखते, दाखले, वह्या चिखलात गेल्या. भांडी घासून घेता येतात, पुसलेली शाई परत येत नाही.

शिक्षकबंधूंनो, घरी कामाची जागा करायची तर मोठे टेबल हवेच असे नाही. उजेडाची एक खिडकी, डाव्या हाताने प्रकाश येईल अशी बैठक, हाताशी लागेल तेवढेच सामान. रोजचे कागद वेगळे, जन्माचे कागद वेगळे. जन्माचे कागद मेणकापडात किंवा प्लॅस्टिकात गुंडाळून पेटीत, आणि पेटी पुराच्या रेषेच्या वर. त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवावी. मोबाईलवर छायाचित्र असले तर उत्तमच. मात्र पेटीत काय आहे, हे घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक असावे, आणि त्यांतली एक घरची बाई असावी.

पुढच्या सुट्टीत मुलांना शिवथरला न्या. धबधबा दाखवाच, पण तेथेच बसवून त्या समासातली सामानाची यादीही वाचून दाखवा. घरी परतल्यावर ती पोरे आपली दप्तरे आपणहून आवरतील, असे मला वाटते.