टीसीएल पावडर आणि जंतूंचा कोरम

उन्हाळ्यात आमच्या निलंग्यात टँकर आला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, "टीसीएल टाकली का?" आज या पांढऱ्या पावडरीचा, म्हणजे क्लोरीनचा, इतिहास.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावलं. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं शहराच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायला सुरुवात केली. पुढं जगभर समज एकच राहिला : क्लोरीन जंतू मारतं.

पण जंतू आपसात बोलतात, हे कळायला १९७० उजाडलं. समुद्रातले काही जिवाणू एकटे असले की अंधारात राहतात आणि गर्दी झाली की एकदम चमकतात. प्रत्येक जण थोडं रसायन बाहेर सोडतो. ते पुरेसं साठलं की सगळ्यांना कळतं, आपण जमलो! आमच्या कोडिंगच्या भाषेत, काउंट ठरावीक आकड्यापुढं गेला की फंक्शन सुरू. १९९४ मध्ये याला नाव मिळालं 'कोरम सेन्सिंग'. ग्रामसभेला लागतो तोच कोरम.

१९९८ मध्ये दिसलं की स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूला चिकट थर नीट बांधायलाही असाच निरोप लागतो. आणि २००१ मध्ये आपल्या पावडरीचं दुसरं काम समोर आलं. क्लोरीन आणि ब्रोमीन हा निरोपाचा रेणूच मोडतात. भोवती चिकट थराचा माल भरपूर असला तरीही! लॅमिनेरिया नावाचं समुद्रशेवाळही स्वतःच्या एन्झाइमनं असे निरोप निकामी करू शकतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

पण एक अट आहे. ज्या रेणूच्या तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन असतो, तेवढेच मोडतात. बाकीचे निरोप जसेच्या तसे पोचतात.

आपल्याला याचं काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. आपल्याकडं पाणी साठवावंच लागतं, आणि साठवलेल्या पाण्यातच थर धरतो. टाकीच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, तर तिथं कोरम कधीच पूर्ण झालाय. मग नुसती पावडर टाकून भागत नाही. आधी टाकी घासा, मग टीसीएल टाका आणि अर्धा तास थांबा.

भेटू पुढच्या भागात!