पवित्र जिन्याच्या पायऱ्या

रोम नगरात लॅटरन महामंदिरासमोर २८ संगमरवरी पायऱ्यांचा एक जिना आहे. पिलाताच्या वाड्यातील याच पायऱ्या चढून प्रभू येशू न्यायासनासमोर गेला आणि चौथ्या शतकात संत हेलेनाने त्या जेरुसलेमहून आणविल्या, अशी परंपरा आहे. परंपरेला इतिहासाचा भक्कम आधार नाही. परंतु भाविकांनी त्या पायऱ्यांवर काय केले, याची साक्ष दगडच देतो.

१५८९ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी हा जिना सध्याच्या जागी बसविला. तो गुडघ्यांवरच चढावयाचा, असा रिवाज आहे. झीज थांबावी म्हणून १७२३ साली पोप इनोसंट तेरावे यांच्या कारकिर्दीत पायऱ्या अक्रोडाच्या लाकडाने झाकण्यात आल्या. जीर्णोद्धारासाठी ते लाकूड निघाले, तेव्हा संगमरवरात खोल चर पडलेले आढळले. २०१९ साली एप्रिल ते जून या काळात, सुमारे तीनशे वर्षांनंतर, भाविक पुन्हा उघड्या दगडावरून चढले.

मऊ वस्त्र आणि कातडे दगडाला कसे झिजवील? संगमरवर मुळात फार कठीण नव्हे. वस्त्रांना व पादत्राणांना चिकटलेले वाळूचे कण त्याहून पुष्कळ कठीण असतात. एका यात्रेकरूने काही होत नाही; असंख्यांनी चर पडतो.

गुडघ्याची कथा निराळी. त्वचेवर एकाएकी घर्षण झाले तर तिचे थर सुटून फोड येतो. तेच घर्षण हळूहळू, वारंवार झाले तर त्वचा नव्या पेशी निर्माण करून जाड होते, तिला घट्टा पडतो. निर्जीव दगड झिजतो, सजीव त्वचा निबर होते.

जेरुसलेमचा पहिला महागुरू संत याकोब याच्याविषयी दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पस लिहितो, की लोकांना क्षमा मिळावी म्हणून सतत गुडघे टेकल्याने त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे टणक झाले होते. हा वृत्तान्त युसेबियसच्या इतिहासग्रंथामुळे आपल्यापर्यंत आला आहे.

घट्ट्याखाली संवेदना मंदावते, ही धोक्याची गोष्ट आहे. रोजच्या प्रार्थनेच्या शब्दांनाही असा घट्टा पडू शकतो. वर्षानुवर्षे वेदीपाशी उभा राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना तर अधिकच. याकोबाचे गुडघे निबर झाले, परंतु इतरांसाठी कळवळणारे त्याचे अंतःकरण निबर झाले नाही. आपल्या भक्तीने कोणते अंग कठीण होत आहे, हे प्रत्येकाने आपापल्या ठायी तपासून पाहावे.