जादूचे प्रयोग व प्रसारण

रंगमंचावरील हातचलाखी व दृष्टिभ्रम यांचे नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील दर्शन.

उगम : गारुड्यांचे रस्त्यावरचे खेळ विसाव्या शतकात तिकिटाच्या नाट्यगृहांत आले. मराठी मुलखात जादूगार रघुवीर यांनी हे प्रयोग लोकप्रिय केले (पहा : गारुडी, रघुवीर, जादूगार). प्रसारणाच्या बाजूने पाहता, सांगली आकाशवाणी केंद्र 1963 मध्ये, तर मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले.

वैशिष्ट्ये : जादू डोळ्यांसाठी असल्याने नभोवाणीवर तिच्याविषयी केवळ बोलता येते. दूरचित्रवाणीवर कॅमेऱ्याचा कोन जादूगाराला अनुकूल ठरतो. मात्र संकलनाच्या शंकेमुळे स्टुडिओतील प्रेक्षक साक्षीदार म्हणून दाखवावे लागतात. जादूगार पी. सी. सरकार यांनी 1956 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’त करवतीने मुलगी कापण्याचा प्रयोग केला. कार्यक्रम अचानक संपताच घाबरलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी खणाणले.

महत्त्व : साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (स्थापना 1989) हीच हातचलाखी बुवाबाजीचे चमत्कार उलगडण्यासाठी वापरली. जादूगार युक्ती असल्याचे मान्य करतो, बुवा ते नाकारतो. पडद्यावर हा भेद स्पष्ट राखणे अत्यावश्यक आहे. तथाकथित चमत्कारांच्या प्रसाराने लोकांना फसवणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे (पहा : जादूटोणाविरोधी कायदा).