काखेतले मूल आणि हातातली पाटी

१/
#थ्रेड
इतिहासाच्या पुस्तकांत मूल बहुधा दोनदा भेटते : जन्मते तेव्हा आणि शाळेत जाते तेव्हा. मधल्या पाच-सहा वर्षांत काय घडते? आईबाप कामावर असताना त्या मुलाला दिवसभर कोण सांभाळते? कोल्हापूर जिल्ह्यातील कागल या एका गावाच्या आधाराने या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/
कागलच का? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी झटलेल्या दोन थोर व्यक्तींचे बालपण या गावाशी जोडलेले आहे : गोपाळ कृष्ण गोखले आणि राजर्षी शाहू महाराज. तो कायदा गरिबाच्या दारात येऊन कोठे अडतो, हे ज्यांच्या लेखनातून कळते ते आनंद यादवही कागलचेच.

३/
प्रथम शाहू महाराज. जन्म २६ जून १८७४, कागलकर घाटगे घराण्यात. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे जहागीरदार, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना राधाबाई निवर्तल्या. पाठचे पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब तर त्याहून लहान.

४/
म्हणजे १८७७ साली आबासाहेबांच्या पदरी शाळेच्या वयाखालची दोन आईविना मुले होती. जहागीरदाराच्या वाड्यात दाई असते, नात्यातल्या स्त्रिया असतात, नोकरचाकर असतात. आईची उणीव भरून निघत नाही, पण मुलाचा दिवस पार पडतो. १८८४ साली यशवंतराव दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती झाले. तोपर्यंत त्यांच्या शिक्षणाकडे वडिलांचेच लक्ष होते.

५/
आता गोखले. जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे. वडील कृष्णराव कागलच्या जहागिरीत नोकरीस होते, म्हणून गोपाळरावांचे प्रारंभीचे शिक्षण कागलला झाले. पुढील शिक्षणासाठी ते थोरल्या भावासह कोल्हापुरास गेले. घरची स्थिती बेताची, तरी घर नोकरदाराचे. अशा घरात आईचे काम बहुधा उंबऱ्याच्या आत असे आणि मूल तिच्या नजरेपुढे वाढे.

६/
वाडा आणि कारकुनाचे घर मिळून गाव होत नाही. गाव कुळांचे, मजुरांचे, बलुतेदारांचे. त्या घरात आई दिवस उगवण्याआधी दळणाला बसे, मग भाकऱ्या, मग शेत. भांगलणीला निघालेल्या बाईपुढे रोजचा प्रश्न असे : तान्ह्याला न्यायचे की घरी ठेवायचे?

७/
तान्हे मूल बरोबर जाई. बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई. हातात खुरपे आणि कान झोळीकडे, अशी आईची पाळी चाले. मूल रांगू-चालू लागले की झोळी निरुपयोगी ठरे. मग विहिरीचा काठ, बैलांचे पाय, गुऱ्हाळातली उकळती काहील या साऱ्यांची धास्ती. दोन ते सहा हे वय शेतावर नेण्यास सर्वांत अवघड.

८/
म्हणून ते मूल घरी राही. त्याच्याजवळ कोण? आजी थकलेली नसेल तर आजी. एरवी घरातील थोरली मुलगी. सात-आठ वर्षांची पोर दीड-दोन वर्षांचे भावंड कडेवर घेऊन घर राखी, पाणी भरी, त्याला भरवी, निजवी. आपल्याकडील बालसंगोपनाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी कामकरी. तिच्या नावाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

९/
जिथे थोरली मुलगीही नसे तिथे काय होई, ते मुंबईच्या गिरण्यांत दिसते. १९२० च्या सुमारास तेथील कामगार स्त्रिया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात, हे तत्कालीन वैद्यकीय पाहणीत नोंदले गेले. मूल पाळीभर झोपून राही. त्या आयांना निर्दय ठरवणे सोपे आहे. पाळी सुटेपर्यंत मुलाजवळ बसणारे माणूस कोठून आणायचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

१०/
याच काळात सक्तीच्या शिक्षणाचा विचार जोर धरीत होता. १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात तो कायदा लागू केला : मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. १९११ मध्ये गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वय सहा ते दहा, आणि आरंभी सक्ती केवळ मुलग्यांवर. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

११/
ब्रिटिश हिंदुस्थानात जे नाकारले गेले ते कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केले. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण, वय सात ते चौदा. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली येथून अंमलबजावणीस प्रारंभ झाला. त्या काळच्या हिंदुस्थानातील हे अत्यंत धाडसी पाऊल होते.

१२/
येथे थोडे थांबू. कायद्याने शाळेत बोलावलेले वय सात ते चौदा. घराघरांत धाकट्यांना सांभाळणारे वयही हेच. म्हणजे कायद्याने ज्या हातांत पाटी द्यायची ठरवली त्या हातांत आधीच एक मूल होते. ते मूल कोणाकडे द्यायचे, याची तरतूद बडोद्याच्या, गोखल्यांच्या किंवा कोल्हापूरच्या योजनेत नव्हती.

१३/
हा त्या कायद्यांचा उपमर्द नव्हे. सहा वर्षांखालील मूल ही घराची खासगी बाब आहे, असे त्या काळी जगभर बहुतेक सरकारे मानीत. पण मजुराच्या घरचा हिशेब निराळा होता. थोरली शाळेत गेली तर आई घरी. आई घरी तर तिची मजुरी बुडाली. मजुरी बुडाली तर रात्रीच्या भाकरीचा प्रश्न. बापाला ‘अडाणी’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

१४/
हा हिशेब साहित्यात कोणी मांडला असेल तर आनंद यादवांनी. जन्म १९३५, कागल. त्यांचे आत्मचरित्र ‘झोंबी’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९० मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याची जमीन कसणारे कुटुंब, आईची पाठोपाठची बाळंतपणे, भूक, आणि शिकण्यासाठी बापाशी झुंजणारा थोरला मुलगा. ज्या मातीत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला त्याच मातीतील ही गोष्ट.

१५/
‘झोंबी’ आपण सहसा शिकू पाहणाऱ्या मुलाची कथा म्हणून वाचतो. पुन्हा वाचाल तेव्हा एवढेच करा : त्या घरातील लहानग्यांवर लक्ष ठेवा. ती कोणाजवळ आहेत, आई शेतात असताना काय खातात, आजारी पडली की काय होते. गरिबाघरी एका मुलाचे शिक्षण दुसऱ्या मुलाच्या सांभाळाशी किती घट्ट बांधलेले असते, ते कळेल.

१६/
हा विषय माझ्या घरातलाही आहे. माझी आजी, वडिलांची आई, कागल तालुक्यातील. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती शाळेच्या वयाची होती. गावात शाळा होती, फी नव्हती, बापाचा विरोधही नव्हता. ती शाळेत गेली अवघे काही दिवस. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “काखंला पोरगं हुतं, पाटी कुठं धरू?” ते पोरगं म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो पुढे मॅट्रिक झाला.

१७/
आता दुसरा प्रवाह पाहू. शालापूर्व वयालाही स्वतंत्र शिक्षण असावे हा विचार आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसोरी पद्धतीस आपले रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१८/
मात्र हे शिक्षण प्रामुख्याने शहरातील सुस्थित घरांपुरते राहिले. साधने महाग, आणि मुलाला वेळेवर आणून सोडण्यास घरी मोकळे माणूस हवे. ही मर्यादा ताराबाईंनीच ओळखली. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आली.

१९/
पहिला धडा लवकरच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून वस्तीतील मुले चालत येत नाहीत. त्यांना न्हाऊमाखू घालून, हात धरून आणणारे कोणी घरी नसते. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. एखाद्या घरापुढच्या अंगणात मुले जमवायची आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ, स्वच्छता. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द मूळचा आपल्या मराठी अंगणातला.

२०/
१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत, म्हणून गुरांमागे जाणारी ‘कुरणशाळा’ निघाली. त्याहून महत्त्वाची ‘विकासवाडी’ : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शके. माझ्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यात कोणीतरी शोधले होते.

२१/
ते उत्तर सर्वत्र पोचण्यास वेळ लागला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक ठरवले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. पण शेताला फाटक नसते आणि मजुरीला हजेरीपट नसतो. भांगलणाऱ्या बाईला या कायद्याचा काही उपयोग नव्हता.

२२/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शालापूर्व शिक्षण, आणि हे सारे गावातील अंगणवाडीत. सहा वर्षांखालचे मूल प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर सरकारी नोंदवहीत आले. पण ही नोंद प्रामुख्याने वजनाची आणि लसीची. आईच्या कामाचे तास तीत मोजलेले नाहीत.

२३/
राज्यघटनेतही एक विलक्षण गोष्ट दिसते. मूळच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते. वयाची खालची मर्यादाच नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा या वयासाठी. सहाखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. १९११ ची रेषा २००२ मध्ये पुन्हा तेथेच उमटली.

२४/
आजचे कागल पाहा. पुणे-बंगळूर महामार्ग, पंचतारांकित औद्योगिक वसाहत, आणि हंगामात उसाच्या फडांवर आलेली दूरच्या जिल्ह्यांतील तोडणी कुटुंबे. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. पहाटे आईबाप फडात, आणि खोपीपुढे आठ-नऊ वर्षांची मुलगी, काखेत भावंड. शाहू महाराजांच्या कायद्याला शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी ती मुलगी अजून तेथेच उभी आहे.

२५/
आणि आमचे घर? माझी थोरली बहीण औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाते. तिची लेक साडेतीन वर्षांची. सकाळी डबा, वेणी, बूट यांची घाई आणि मग अंगणवाडी. ती सुटते दुपारी, बहिणीची पाळी संध्याकाळी. मधले तास आजीचे. जिने आठव्या वर्षी भावाला सांभाळले तीच ऐंशी ओलांडल्यावर पणतीला सांभाळते. परवा पणतीने पाटीवर रेघोट्या ओढून तिला दाखवल्या. आजीने पाटी हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

२६/
शेवटी एक विनंती. हा इतिहास दप्तरखान्यात फारसा मिळणार नाही, तो आपल्या घरांत आहे. आजीला, पणजीला किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीला विचारा : लहानपणी तुमच्या कडेवर कोण होते? आई कामाला जाई तेव्हा तुम्हाला कोणी सांभाळले? गाव आणि अंदाजे साल यांसह लिहून ठेवा. सांगणाऱ्या आहेत तोवरच हे होईल.