पाव डॉलरची धास्ती

विमानप्रवासाची लोकांना वाटणारी भीती मोजायला सुरुवात कोणी केली? पाठ्यपुस्तकं चॉन्सी स्टारकडे बोट दाखवतात. अणुभट्ट्या बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख राहिलेला हा गृहस्थ. १९६९ साली त्यानं 'सायन्स'मध्ये हिशेब मांडला, की आपखुशीनं पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्याच्या जवळजवळ हजारपट चालवून घेतात. त्याच्या आलेखात विमानंही होती. पण स्टारनं मोजले ते मृत्यू. भीती त्यावरून नुसती ताडली.

माझ्या मते हा मान एका यंत्राचा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या विमानतळांवर विम्याची यंत्रं असत. पाव डॉलरची नाणी टाकायची, वारसाचं नाव लिहायचं, सही ठोकायची; त्या प्रवासापुरती पॉलिसी तयार. ज्याला जितकी धास्ती, तितकी नाणी.

याला पहिला आक्षेप भयंकर आहे. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरला जॅक ग्रॅहॅमनं याच यंत्रातून आईच्या नावे ३७,५०० डॉलरची पॉलिसी काढली. तिच्या बॅगेत डायनामाइट त्यानंच ठेवलं होतं. विमानातले सगळे ४४ जण गेले. आईची सही नसल्यानं ती पॉलिसीही बाद ठरली. म्हणजे नाणं टाकणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो, असं नाही. कबूल. पण असा एखादा नराधम वगळला, तर बाकीचे कशासाठी पैसे टाकत होते? आयसनर आणि स्ट्रॉट्झ या अर्थशास्त्रज्ञांना १९६१ साली हेच कोडं पडलं. आयुर्विमा मृत्यू कसाही आला तरी पैसे देतो. मग फक्त विमान पडलं तरच मिळणारा हा महागडा विमा शहाणी माणसं का घेतात?

दुसरा दावेदार जास्त तगडा. १९७८ साली फिशहॉफ, स्लोविक आणि मंडळींनी ओरेगनमधल्या युजीन गावात 'लीग ऑफ विमेन व्होटर्स'च्या सभासद बायका आणि त्यांचे नवरे यांना थेट प्रश्नावलीच दिली. तीस गोष्टी किती धोक्याच्या वाटतात: धूम्रपान, पोहणं, प्रवासी विमानं, अणुऊर्जा वगैरे. या पद्धतीवर आजचं बरंचसं धोका-मानसशास्त्र उभं आहे, ते असू दे. पण याच संशोधकांच्या पुढच्या पाहणीतली धोक्याची क्रमवारी बघा. अणुऊर्जा लीगच्या सभासदांच्या यादीत पहिली, तज्ज्ञांच्या यादीत विसावी. प्रवासी विमानं? सभासदांकडे सतरावी, तज्ज्ञांकडे सोळावी! विमानाच्या बाबतीत घरबसल्या उत्तर देणारी जनता तज्ज्ञांइतकीच थंड डोक्याची. मग विमानतळावर नाणी कोण टाकत होतं? माझा तर्क असा, की तीच माणसं. फक्त आता विमान समोर उभं होतं.

जाहिरात, स्वस्ताई, बायकोमुलांची काळजी हे सगळं त्या नाण्यात मिसळलेलं होतं, हा विरोधकांचा मुद्दा मी खोडू शकत नाही. माझ्या बाजूनं एक साक्षीदार मात्र आहे. १९९३ साली जॉन्सन, कुनरॉयथर आणि सहकाऱ्यांनी पुन्हा विमानविम्याचाच प्रश्न घेतला, पण कागदावर. कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी पैसे देणाऱ्या विम्याला लोक सरासरी १२.०३ डॉलर द्यायला तयार झाले. फक्त दहशतवादी कृत्यापुरत्या विम्याला १४.१२! सगळ्यापेक्षा त्यातला एक तुकडा महाग. म्हणजे विम्याची किंमत ठरवते ती धास्तीच.